फ्लॉपीतून ओवलेला दोरा

सरकारी पुराव्यात मी स्वतःच्या हातानं दाभण खुपसला. दोन पंचांसमक्ष, भर दिवसा, तहसील कार्यालयात. आणि वरून लाख ओतून पितळी शिक्काही मारला. नोकरीत माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या. काही वरिष्ठांना कळल्या, काही फक्त बायकोला. पण ही एक चूक आठवली की नालवाडीतल्या घरी पंख्याखाली बसल्या जागी आजही मानेवर घाम येतो.

मी तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात फौजदार होतो. दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती. शेतजमिनीचे सातबारे कम्प्युटरवर चढवण्याचं काम नुकतंच उरकलं होतं. तलाठ्याच्या हातचा सातबारा जाऊन खिडकीवर छापील उतारा मिळू लागला होता. लोक तो उतारा लग्नाच्या फोटोसारखा जपून नेत. तहसिलीत कम्प्युटरची खोली वेगळी काढली होती. दारावर पडदा, आत एसी, आणि चपला बाहेर काढायच्या, कारण धुळीनं मशीन आजारी पडते असं कोणीतरी सांगून ठेवलं होतं. आमच्याकडचा मे महिना ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. अख्ख्या तहसिलीत थंड अशी ती एकच खोली. दुपारी दाराबाहेर देवळासारखा चपलांचा ढीग पडायचा आणि आत बाबू, तलाठी, अर्जनवीस, जो तो 'कामासाठी' बसलेला असायचा.

अशाच एका दुपारी एक बाई ठाण्यात आली आणि अमलदाराला म्हणाली, "साहेब, माह्यं नाव हरवलं."

अमलदार जागचा हलला नाही. "बाई, नाव नाई हरवत. माणूस हरवते, ढोर हरवते. काय हरवलं ते नीट सांगा."

"नावच हरवलं म्हनतो न बाप्पा. हे पाह्य." तिनं छापील उतारा टेबलावर ठेवला.

बाई पन्नाशीची. नवरा वारून काही वर्षं झाली होती. त्याच्या पश्चात सातबाऱ्यावर तिचं आणि दिराचं, अशी दोघांची नावं लागली होती. आपल्या हिश्श्याचं शेत ती स्वतः कसत होती. विहिरीवरच्या मोटारीला वीज घ्यायची म्हणून उतारा काढायला गेली, तर त्यावर एकट्या दिराचं नाव. खाली नोंद होती की हिनं हक्कसोड करून दिलं.

"मी कोण्या कागदावर अंगठा देल्ला नाई," ती म्हणाली. "मले सही येते, साहेब. अंगठा कायले देईन?"

दिराला बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, "वहिनीनं राजीखुशीनं सोडलं. आता इसरली असंल. वय झालं."

तलाठ्याचं जुनं हस्तलिखित रजिस्टर मागवलं. नेमकं तेच पान नव्हतं. तलाठी म्हणाला, बांधणीला गेलं होतं तेव्हा गहाळ झालं असेल. म्हणजे कागद नाही आणि मशीन म्हणते नाव नाही. बनावट दस्तऐवजाच्या कलमांखाली गुन्हा नोंदवला खरा, पण हातात काहीच नव्हतं.

त्यातच आमच्या जमादारानं खबर आणली. हा जमादार मूळचा आंजीचा. त्याचा साळा रजिस्ट्री ऑफिसपाशी चहाची टपरी चालवायचा.

"साहेब, त्या दिरानं वावर विकलं. वर्ध्याचा व्यापारी घेऊन राह्यला. सोमवारी रजिस्ट्री हाय."

"तुला कोणी सांगितलं?"

"साळ्याले सोमवारचे पेढे सांगून ठेवले न त्यायनं. पेढ्याशिवाय रजिस्ट्री होते का आपल्याकडं?"

रजिस्ट्री थांबवण्याचा अधिकार पोलिसाला नसतो. एकदा शेत तिसऱ्याच्या नावावर गेलं की दिवाणी दावा लागतो, आणि दिवाणी दाव्याचा निकाल ऐकायला बाई राहील की नाही हे कोणी सांगावं. सोमवारच्या आत काहीतरी हाती लागायला हवं होतं. ती बाई तर रोज सकाळच्या एसटीनं येऊन ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसू लागली. मी आत-बाहेर केलं की एकच प्रश्न, "सापडलं का?"

मी नाव काढलं कोणी याचा तपास सुरू केला. कम्प्युटरमध्ये बदल करायला पासवर्ड लागतो आणि तो तिथल्या ऑपरेटर मुलीच्या नावानं होता, एवढं मला तहसीलदारांनी सांगितलं. मला तेवढं पुरलं. पासवर्ड तिचा म्हणजे गुन्हा तिचा, हे गणित मी सोडवूनही टाकलं. ती सिंदी मेघेहून रोज येऊन-जाऊन करायची, एका ठेकेदार एजन्सीमार्फत लागलेली. महिला शिपाई जवळ बसवून मी तिची चौकशी सुरू केली. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. ती अजिबात बिचकली नाही.

"साहेब, पासवर्ड कीबोर्डच्या खाली चिकटवला आहे," ती म्हणाली. "मी जेवायला गेले की खिडकीवर लोक बोंबलतात. म्हणून बाबूंनीच सांगितलं, चिकटवून ठेव. अख्ख्या ऑफिसले माहीत आहे."

"मग बदल कोणी केला?"

"ते तुम्ही शोधायचं न? की तेही मीच करू?"

मला राग आला. राग आला की माझं डोकं बंद पडतं, हे मला निवृत्तीनंतर बायकोनं समजावून सांगितलं. दोन दिवस मी तिच्याच मागे घालवले. शेवटी वैतागून तिनंच सांगितलं, की गावाची माहिती पहिल्यांदा भरून झाली तेव्हा तिनं फ्लॉपीवर एक प्रत काढली होती. ती प्रत पाहिली की मूळ नोंद दिसेल, आणि हक्कसोड नंतर घुसडलंय हे सिद्ध होईल. फ्लॉपी कम्प्युटरच्या खोलीतल्या कपाटात असणार.

मी उड्या मारतच तहसिलीत गेलो.

आता जप्ती म्हणजे पंच पाहिजेत. कागदोपत्री पंच म्हणजे तटस्थ, प्रतिष्ठित नागरिक. प्रत्यक्षात पंच म्हणजे जो जवळ सापडेल, नाही म्हणणार नाही आणि सही ठळक करेल तो. तहसिलीच्या आवारात निंबाखाली लोकांचे अर्ज लिहून देणारे एक अर्जनवीस बसायचे. सगळे त्यांना मुन्शीजी म्हणत. माझ्या कितीतरी पंचनाम्यांवर त्यांच्या सह्या होत्या. पंचनाम्याची भाषा त्यांना माझ्यापेक्षा पाठ. मी अडखळलो की तेच पुढचं वाक्य सांगायचे. मुन्शीजी आणि एक स्टॅम्पवाला, असे दोन पंच घेऊन मी चपला काढून आत गेलो.

फ्लॉपी सापडली. तळहाताएवढी काळी चौकोनी चकती, एका बाजूला पत्र्याची पट्टी. मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतली. आमच्या ठाण्याची शिस्त अशी, की पुडक्यावर लेबल लावायचंच, पण पंचांच्या सह्यांची चिठ्ठी वस्तूलाही दोऱ्यानं बांधायची. म्हणजे कोर्टात वस्तू बदलल्याचा आरोप होत नाही. कुऱ्हाड असली तर दांड्याला, शर्ट असला तर काजातून, सायकल असली तर हँडलला. या चकतीला दोरा बांधायचा कुठं? मी उलटीपालटी करून पाहिली. कोपऱ्यात दाभण लावला तर प्लास्टिकवरून घसरला.

"साहेब, तिकडून नाई जाणार," मुन्शीजी म्हणाले. त्यांनी फ्लॉपी हातात घेतली, अंगठ्यानं पत्रा सरकवून धरला. आत तपकिरी, चकचकीत पातळ पापुद्रा दिसला. "इथून घ्या. मऊ हाय. दोरा आरपार गेला पाहिजे, म्हणजे कोर्टात वकिलाले तोंड राह्यत नाई."

मी दाभण घातला. लोण्यात जावा तसा गेला. दोरा ओवला, चिठ्ठी बांधली, फ्लॉपी कापडात गुंडाळून लाख वितळवली, शिक्का दाबला. मुन्शीजींनी पंचनाम्याची शेवटची ओळ मला सांगितली आणि ठळक सही केली. इतका नीटनेटका मुद्देमाल मी त्याआधी कधी तयार केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तहसीलदारांसमोर पुडकं उघडून फ्लॉपी चालवून बघायचं ठरलं. ऑपरेटरला बोलावलं. सील फोडलं, कापड सोडलं. ती बघतच राहिली.

"साहेब, हे काय आहे?"

"पुरावा. पक्का केला."

"पक्का?" ती म्हणाली. "मारला तुम्ही त्याले. ही चकती आत फिरते, साहेब. सगळं लिहिलेलं हिच्यावर असतं. तुम्ही तिले शिवून टाकली!"

तहसीलदार खिडकीबाहेर पाहू लागले. जमादार छताकडे पाहू लागला. मी कुठं पाहावं ते मला सुचेना.

तिनं दोरा काढून प्रयत्न केला. मशीननं करकर आवाज केला आणि पडद्यावर काहीच आलं नाही. दुसरी प्रत होती का? नव्हती. जिल्ह्याला प्रत पाठवायची असं ठरलेलं होतं, पण पाठवायची कोणी हे ठरलेलं नव्हतं.

त्या दिवशी ठाण्यात परतलो तेव्हा बाई बाकड्यावर होती. "सापडलं का?"

मी म्हणालो, "काम चालू आहे." खोटं बोलताना माझा आवाज नेहमी भारदस्त होतो. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग नजर खाली घातली. तिला काय कळायचं ते कळलं असावं.

शनिवार उजाडला. वरिष्ठांना कळवलं तर चौकशी ठरलेली. ते सहन केलं असतं, पण मी तोंड दाखवायला घाबरत होतो ते त्या बाकड्याला. एका बाईचं शेत वाचवणारी एकच गोष्ट जगात होती, आणि मी शिस्तीच्या नादात तिला भोक पाडलं होतं. जेवण गोड लागेना. जमादारही गप्प. एरवी तो मला हिणवायची संधी सोडत नसे; त्यानं गप्प बसावं इतकं वाईट झालं होतं.

ऑपरेटरचा पुरवणी जबाब घ्यायचा राहिला होता म्हणून तिला ठाण्यात बोलावलं. मी आता आवाज चढवत नव्हतो. जबाब संपला, तिनं सही केली आणि उठता उठता विचारलं, "साहेब, एक विचारू? राग नका मानू. कोपऱ्यात टोचलं असतं तर मी समजले असते. पण पत्र्याच्या आत टोचायचं तुम्हाले सुचलं कसं? ज्यानं फ्लॉपी वापरली नाई त्याले तो पत्रा सरकतो हेच माहीत नसतं."

"अगं, ते तर मुन्शीजी..." मी म्हणालो आणि माझी जीभ तिथंच थांबली.

मुन्शीजी, जे निंबाखाली बसून बोरूसारख्या अक्षरात अर्ज लिहायचे, आणि मशीनचं नाव काढलं की "आपल्याले त्यातलं काई समजत नाई" म्हणायचे. जे रोज दुपारी त्या थंड खोलीत येऊन बसायचे.

जमादार हळूच म्हणाला, "साहेब, चोरालेच पंच केलं आपण."

पण नुसता पत्रा सरकवला म्हणून माणूस गुन्हेगार ठरत नाही. सहज लक्षात आलं म्हणतील. रविवार आम्ही तिघं डोकं लावत बसलो. ऑपरेटरनं एक कोरी फ्लॉपी दिली. सोमवारी रजिस्ट्री दुपारी होती आणि खरेदीखत लिहिणारे मुन्शीजीच होते. सकाळीच जमादाराला त्यांच्याकडे पाठवलं: जिल्ह्याहून दुसरी प्रत आली, सील करायची आहे, पाच मिनिटं सहीला या.

मुन्शीजी आले. पान खाल्लेलं, खिशाला पेन. टेबलावर फ्लॉपी, दाभण, दोरा, लाख, सगळं मांडलेलं. आतल्या खोलीच्या पडद्यामागे ऑपरेटर. मी डोकं धरून बसलो होतो. त्यासाठी नाटक करावं लागलं नाही.

"मुन्शीजी, पहिल्या फ्लॉपीचा गोंधळ झाला म्हणतात. म्हणून ही जिल्ह्याहून मागवली. यात सगळं आहे. या खेपेला मी हात लावत नाही, तुम्हीच बांधा."

"गोंधळ? कसला?"

"काय की. मशीननं घेतली नाही."

एखाद्या भोळ्या माणसानं इथं विचारलं असतं, मग साहेब, टोचायची कशाला? नुसती कापडात गुंडाळा. मुन्शीजींनी काहीच विचारलं नाही. फ्लॉपी उचलली, अंगठ्यानं पत्रा सरकवला आणि दाभण आरपार घातला. एकदा घातला. मग दोरा नीट बसत नाही म्हणत दुसऱ्यांदा घातला. तिसऱ्यांदा घालताना त्यांच्या कपाळावर घाम होता.

पडदा सरला. ऑपरेटर म्हणाली, "मुन्शीजी, कोरी आहे ती."

त्यांच्या हातातला दाभण तसाच राहिला.

त्यानंतरची चौकशी सोपी नव्हती. मुन्शीजी कायदा जाणणारे. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही हे त्यांनी मलाच सांगितलं. "साहेब, भोक तुम्हीबी पाडलं न? मग तुम्हीबी आरोपी." घड्याळ पुढे सरकत होतं. रजिस्ट्री ऑफिसात दीर आणि व्यापारी येऊन बसल्याचा निरोप आला. मला वाटलं, गेलं हातचं.

तेवढ्यात व्हरांड्यातली बाई दारात येऊन उभी राहिली. कोणी अडवलं नाही.

"मुन्शीजी," ती म्हणाली, "माहे मालक गेले तवा वारसाचा अर्ज तुमीच लिहला होता न? माह्यं नाव तुमीच घातलं. माह्यासंग रडलेबी होते तुमी. मंग आता काऊन पुसलं?"

मुन्शीजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. पेन खिशातून काढलं, परत ठेवलं. "पुसलं नाई मी," ते म्हणाले. "मशीनमध्ये पुसा लागत नाई, बाई. एक बटन दाबलं की जाते. हातानं खोडा लागलं असतं तर... मले झालं नसतं."

आणि मग ते बोलू लागले. नोंद बदलली ती दुपारच्या वेळी, ऑपरेटर जेवायला गेली असताना, थंड खोलीत बसून. शिकले बघून बघून. बदल्यात दिरानं काय द्यायचं कबूल केलं ते केसपेपरात आहे. रजिस्टरचं पानही त्यांनीच काढलं होतं, पण फाडून टाकलं नव्हतं. जन्मभर कागदावर जगलेल्या माणसाचा हात पान फाडायला धजला नसावा. कबुली चालत नाही, पण आरोपीच्या निवेदनावरून वस्तू निघाली तर ती चालते. निवेदन पंचनामा केला, पंच म्हणून दोन शाळामास्तर आणले, मुद्दाम तहसिलीपासून लांबचे. मुन्शीजी ज्या पेटीवर अर्ज लिहायचे तिच्यात, अस्तराखाली, पान घडी करून ठेवलेलं निघालं. त्यावर बाईचं नाव होतं.

ते पान घेऊन मी तहसीलदारांकडे धावलो, त्यांनी रजिस्ट्री ऑफिसला पत्र दिलं आणि व्यवहार थांबला. जमादाराच्या साळ्याचे पेढे पडून राहिले. आम्ही ते खाल्ले नाहीत, एवढी अक्कल त्या दिवशी शिल्लक होती.

खटला पुढे बरेच दिवस चालला. उलटतपासात बचावाच्या वकिलांनी पहिली फ्लॉपी वर धरून विचारलं, "हे भोक कोणी पाडलं?" मी म्हणालो, "मी." न्यायाधीशांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. एवढा प्रामाणिक साक्षीदार त्यांनी बहुधा पाहिला नसावा.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? आज सातबारा मोबाइलवर दिसतो, डिजिटल सही असते, कोणत्या नोंदीला कोणी हात लावला त्याची खूण मागे राहते. ही सुधारणा खरी आहे आणि ती मी चेष्टेवारी नेणार नाही. आमच्या तहसिलीतही त्या प्रकारानंतर प्रत्येकाला वेगळा पासवर्ड मिळाला, प्रत नेमानं जिल्ह्याला जाऊ लागली आणि थंड खोलीला कुलूप लागलं. पण त्या काळी सरकारनं मशीन आणलं, एसी आणला, चपला बाहेर काढायला लावल्या, आणि माणसं तशीच आत सोडली. आम्ही धुळीला घाबरलो. माणसाला घाबरायचं आम्हाला सुचलं नाही, आणि जिच्यासमोर सुरुवातीला मी टेबल आपटलं तीच मुलगी खरं बोलत होती. नवी वस्तू समोर आली की जुनी शिस्त तिला बांधण्याआधी ती वस्तू काय आहे ते विचारावं, आणि विचारताना समोरचा वयानं लहान आहे म्हणून लाजू नये. एवढं शिकायला मला एका बाईच्या जिवाला घोर लावावा लागला.

नाव परत लागल्यावर नवा उतारा मी मुद्दाम स्वतः घेऊन तिच्या शेतावर गेलो. जमादार सोबत होता. खरं सांगायचं तर दोन शब्द ऐकायला गेलो होतो. मोठ्या मनानं कोणी पाया पडलं तर अडवणारही नव्हतो. बाई तुरीत निंदण करत होती. हात धुऊन आली, उतारा घेतला, आपलं नाव बोटानं वाचलं, पुन्हा वाचलं, घडी करून पोलक्यात ठेवला आणि परत विळा उचलला.

मी म्हणालो, "बाई, काही बोलल्या नाहीत?"

"काय बोलू, साहेब?" ती म्हणाली. "वावर माह्यं होतं, माह्यंच हाय. तुमी मले काई देल्लं नाई. त्या पोरीनं डोकं नसतं लावलं तर तुमी घालवलंच होतं. व्हा बाजूले, तुरीवर उभे हा तुमी."